‘अक्षरशः’ की ‘प्रतीक’? प्रकटीकरणावरून दुभंगलेला अभ्यासगट

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आमच्या घरी दर आठवड्याला बायबल अभ्यासगट भरतो. बारा-तेरा जण येतात, वाचन मी घेते. लहानपणापासून मला शिकवलं गेलं की प्रभू कोणत्याही क्षणी येईल, विश्वासणारे वर घेतले जातील, मग सात वर्षांचं महासंकट येईल, ख्रिस्तविरोधी प्रकट होईल आणि शेवटी पृथ्वीवर हजार वर्षांचं राज्य सुरू होईल. आता मंडळीत नवे पाळक आले आहेत. त्यांच्या मते प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, हे पहिल्या शतकात छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे, आणि हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासून पुनरागमनापर्यंतचा सगळा काळ. माझे मोठे दीर गटातले जुने सभासद. ते म्हणतात, वचन अक्षरशः न घेणं म्हणजे वचनावर अविश्वास. रोज रात्री ते गटात व्हिडिओ पाठवतात; एकात प्रभूच्या येण्याचा महिना आणि वर्षही सांगितलंय. कार्डाने पैसे देऊ नका, ती श्वापदाच्या खुणेची (प्रकटीकरणात जिच्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही, त्या खुणेची) तयारी आहे, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून सुवार्तेला द्या, तोवर जग राहणार नाही, असंही त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. नवरा गोंधळलेत. अकरा वर्षांची मुलगी रात्री उठून आम्ही अंथरुणात आहोत ना, ते पाहून जाते. कोणतं वाचन बायबलशी प्रामाणिक आहे? गट बंद करू का?

उत्तर:

ताई, मुलीचं वाक्य तुम्ही पत्रात जवळजवळ शेवटी लिहिलंत. उत्तर मात्र तिच्यापासून सुरू व्हायला हवं, कारण बाकीचे प्रश्न महिनाभर थांबू शकतात, तिची झोप थांबू शकत नाही.

वर घेतलं जाण्याची शिकवण ज्या उताऱ्यावर उभी आहे, तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. तो का लिहिला गेला? तिथल्या विश्वासणाऱ्यांची माणसं मरण पावली होती आणि आता ती प्रभूच्या येण्याला मुकणार का, या विचाराने ते दुःखी होते. पौल त्यांना सांगतो की मेलेले मागे राहणार नाहीत, आपण सगळे एकत्र प्रभूजवळ असू. उताऱ्याचं शेवटचं वाक्य आहे: या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वनासाठी लिहिलेलं वचन ऐकून एक लेकरू रात्री आईबाप शोधत फिरत असेल, तर वचन तिच्यापर्यंत चुकीच्या हातांनी पोहोचलंय. तुमच्या दिरांचं मत जसंच्या तसं खरं धरलं तरीही हेच म्हणावं लागेल.

तिला इतकंच सांगा: प्रभू येईल तेव्हा तो आपल्याला भेटायला येईल, तो कुणाला चुकून विसरत नाही, माझ्या हातातून माझ्या मेंढरांना कुणी हिसकावून घेणार नाही असं त्यानेच म्हटलंय. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, अठ्ठाविसावं वचन, तिच्याबरोबर वाचा. झोपताना स्तोत्र ४ किंवा १२१ वाचा. ती उठून आली तर रागावू नका, पुन्हा झोपवा. शेवटच्या काळाचे व्हिडिओ ती घरात असताना लावायचे नाहीत, हा नियम सगळ्यांना एकच. आणि ‘आत्ता प्रभू आला तर काय म्हणेल’ हे वाक्य शिस्तीसाठी कुणीही वापरायचं नाही. काही आठवडे होऊनही भीती गेली नाही, जेवण किंवा शाळा बिघडायला लागली, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. त्यात विश्वासाची उणीव अजिबात नाही.

आता मोठा प्रश्न. ‘अक्षरशः घेणारे वचनावर विश्वास ठेवतात, प्रतीक मानणारे ठेवत नाहीत’ हे वाक्य तुम्ही नकळत मान्य केलंय, म्हणूनच तुम्हाला दोन्हींपैकी एक निवडायचंय. पण तुमचे दीर प्रकटीकरण अक्षरशः वाचत नाहीत. कुणीच वाचत नाही. पाचव्या अध्यायातला कोकरा सात शिंगांचा आणि सात डोळ्यांचा आहे. दीर त्यात प्रभू येशू पाहतात. तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाला दहा शिंगं आणि सात डोकी आहेत. दीर त्यात एक माणूस, एक सत्ताधीश पाहतात. हे प्रतीक म्हणूनच वाचन झालं, आणि बरोबर झालं. उलट तुमचे पाळक मेलेल्यांचं उठणं आणि शेवटचा न्याय हे खरोखर घडणार असंच मानत असतील. म्हणजे दोघंही काही गोष्टी प्रतीक म्हणून घेतात, काही घटना म्हणून. वाद आहे तो रेघ कुठे ओढायची याचा, आणि रेघेवरून भांडणारी दोन माणसं दोघंही वचनावर विश्वास ठेवणारी असू शकतात.

रेघ कुठे ओढायची हे काही ठिकाणी ग्रंथच सांगतो. पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात सात तारे म्हणजे सात मंडळ्यांचे दूत आणि सात समया म्हणजे सात मंडळ्या, असा उलगडा आहे. सतराव्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर, पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं, ती स्त्री म्हणजे राज्य करणारी मोठी नगरी. जिथे ग्रंथ स्वतः अर्थ देतो तिथे तो घ्यायचा. जिथे देत नाही तिथे जुन्या करारात तेच चित्र कुठे आलंय ते पाहायचं. श्वापदं दानीएलाच्या सातव्या अध्यायातून येतात, चार प्राणी यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायातून, दोन जैतुनाची झाडं जखऱ्याच्या चौथ्यातून. प्रकटीकरण लिहिणारा योहान जुन्या कराराचा उल्लेख नाव घेऊन क्वचितच करतो, पण जवळपास प्रत्येक पानावर त्याच चित्रांत बोलतो. ती चित्रं ओळखीची नसलेला वाचक अर्थासाठी बातम्यांकडे वळतो. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो.

दुसऱ्या बाजूलाही एक ताकीद हवी. प्रतीक म्हणजे ‘काहीही अर्थ लावा’ नव्हे, आणि ‘खरं काही घडणार नाही’ असंही नव्हे. उद्या कुणी म्हणालं की पुनरागमन ही फक्त मनातली आशा आहे, तर ते आपल्या घरातल्या मतभेदांच्या पलीकडे गेलं. तो पुन्हा गौरवाने येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, हे ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आलं. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आजही ते मानतात. महासंकट किती वर्षांचं, घेतलं जाणं त्याआधी की नंतर, हजार वर्षं पृथ्वीवर की स्वर्गात, यातलं काहीही त्या अंगीकारात नाही. ते घालायचं राहून गेलं असं नाही. या बाबतींत तेव्हाही एकमत नव्हतंच.

किती नव्हतं? जस्टिन मार्टर हा दुसऱ्या शतकाच्या मध्याला लिहिणारा माणूस. यरुशलेमेत हजार वर्षांचं राज्य येणार असं तो मानतो, आणि तिथेच नोंदवतो की शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती तसं मानत नाहीत. साधारण १८० साली लिहिणारा इरेनियस पृथ्वीवरच्या राज्याच्याच बाजूचा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने, आधी स्वतः ते मत धरलेलं असूनही, हजार वर्षं म्हणजे मंडळीचा सध्याचा काळ असा अर्थ मांडला. पश्चिमेकडच्या मंडळीत तोच अर्थ पुढची हजार वर्षं प्रमुख राहिला, आणि लूथरनांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने पृथ्वीवरच्या राज्याची कल्पना नाकारली. तुम्ही लहानपणी शिकलात ती पूर्ण मांडणी, म्हणजे संकटाआधी गुपचूप घेतलं जाणं, मग सात वर्षं, इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना, ही जॉन नेल्सन डार्बी याने १८३० च्या दशकापासून बांधली. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड रेफरन्स बायबलच्या तळटीपांतून ती जगभर गेली.

यावरून ‘नवीन म्हणून खोटं’ असा निष्कर्ष काढू नका. पाळकांनी तसा काढला असेल तर तो त्यांचाही उतावीळपणा. हजार वर्षांच्या पृथ्वीवरच्या राज्याची आशा दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहे. घटनांचा तो विशिष्ट क्रम मात्र तितका जुना नाही. दिरांनी ‘मंडळी पहिल्यापासून हेच शिकवत आली’ असं म्हणू नये, आणि पाळकांनी ‘हे सगळं कालपरवाचं’ असं म्हणू नये. दोन्ही वाक्यं इतिहासाला धरून नाहीत.

आता खुद्द उताऱ्यावर या. प्रकटीकरणाचा विसावा अध्याय, पहिली सहा-सात वचनं. हजार वर्षांचा उल्लेख सहा वेळा येतो, सगळा याच वचनांत. दूत सैतानाला बांधून अगाधकूपात टाकतो, साक्षीमुळे मारले गेलेले जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात, बाकीचे मेलेले ती वर्षं सरेपर्यंत जिवंत होत नाहीत.

प्रीमिलेनियल वाचक, म्हणजे राज्याआधी ख्रिस्त येतो असं मानणारे, सांगतात की एकोणिसाव्या अध्यायात ख्रिस्त घोड्यावरून येतो, त्यानंतर विसावा येतो, म्हणून घटनाही त्याच क्रमाने. शिवाय ‘जिवंत झाले’ हे दोनदा आलंय. दुसऱ्या वेळी ते शरीराने उठणं असेल, तर पहिल्या वेळी दुसरं काही कसं असेल? हा मुद्दा भक्कम आहे, आणि पाळकांनी त्याला नीट उत्तर द्यायला हवं. या मताची अडचण अशी की एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी शत्रू राष्ट्रांचा नाश झालेला असतो. मग विसाव्यात फसवायला आणि बंड करायला राष्ट्रं कुठून येतात? आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू एकच घटका सांगतो, जेव्हा कबरेतले चांगले-वाईट सगळे बाहेर येतील. मध्ये हजार वर्षांचं अंतर दिसत नाही.

तुमच्या पाळकांचं मत ॲमिलेनियल, म्हणजे पृथ्वीवर वेगळं हजार वर्षांचं राज्य न मानणारं. ते सांगतात की प्रकटीकरण तोच काळ पुन्हा पुन्हा नव्या चित्रांनी दाखवतं, म्हणून विसावा अध्याय मागे जाऊन सुरुवातीपासून सांगतो. सैतानाला बांधणं म्हणजे मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेलं बळकट माणसाला बांधणं. राष्ट्रांना सुवार्ता ऐकण्यापासून तो आता रोखू शकत नाही. अडचण ‘जिवंत झाले’चीच. आणि पेत्राचं पहिलं पत्र सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो असं सांगतं. बांधलेला सिंह फिरतो कसा, हे ‘बांधला तो फक्त एका बाबतीत’ असं म्हणून सोडवावं लागतं.

तिसरं मत पोस्टमिलेनियल: सुवार्तेने जग हळूहळू बदलेल, दीर्घ शांतीचा काळ येईल, मग ख्रिस्त येईल. अठराव्या शतकात अमेरिकेतले उपदेशक जोनाथन एडवर्ड्स याच बाजूचे होते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला मोहरीचा दाणा त्यांचा आवडता दाखला, आणि शेवटच्या दिवसांत कठीण काळ येतील असं सांगणारं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र त्यांची अडचण. तुमच्या वादात हे मत आलेलं नाही, पण दोनच पर्याय आहेत हा समज मोडायला ते ठाऊक असावं.

मुद्दाम अडचणी सांगितल्या, कारण प्रत्येक मत कुठेतरी अडतं. ज्याला आपल्या मताची अडचण सांगता येत नाही, त्याने ते अजून पुरतं अभ्यासलेलं नाही. माझा स्वतःचा कल विचाराल तर विसाव्या अध्यायाच्या बाबतीत पाळकांच्या वाचनाकडे आहे, राष्ट्रांच्या प्रश्नामुळे; पण तो कल आहे, त्यावरून कुणाच्या विश्वासाचं माप काढू नये.

मत्तयाचा चोविसावा अध्यायही दिरांनी आणला असेल. तिथे ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ असं आहे. काही वाचक म्हणतात, ती पिढी म्हणजे ऐकणारी पिढी, आणि इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडलं तेव्हा बरंचसं पूर्ण झालं. लूकाच्या एकविसाव्या अध्यायात याच जागी यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडण्याचा उल्लेख आहे. सूर्य काळा पडणं, तारे पडणं? यशयाच्या तेराव्या अध्यायात बाबेलच्या पाडावासाठी अशीच भाषा आहे. इतर म्हणतात, ती पिढी म्हणजे ही चिन्हं पाहणारी पिढी, कारण मनुष्याचा पुत्र मेघांवर येणं अजून व्हायचंय. ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे तुमच्या मुलीला घाबरवणारं वाक्यही इथलंच. त्याच्या आधीचं वचन मात्र वाचा: नोहाच्या काळी पूर आला आणि सगळ्यांना वाहवून घेऊन गेला. त्या दाखल्यात नेले गेलेले बुडाले, वाचलेले मागे राहिले. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की इथे ‘घेतला जाणं’ म्हणजे सुटका नसून न्यायही असू शकतो. एका वचनावर चित्रपटासारखं दृश्य उभं करण्याआधी मागची-पुढची दहा वचनं वाचायची सवय लावली, तर निम्मी भीती उरत नाही.

श्वापदाच्या खुणेबद्दल थोडक्यात. बारकोड, क्रेडिट कार्ड, चिप, लस, या प्रत्येकाला त्या-त्या वेळी ती खूण ठरवलं गेलं. तेराव्या अध्यायापाठोपाठ चौदावा वाचा: लगेच कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर पित्याचं नाव आहे, आणि पुढे खूण घेणं हे श्वापदाची उपासना करण्याशी जोडलंय. ग्रंथात ही खूण नकळत, दुकानात पैसे देताना, कुणाला लागत नाही. हे सगळं पुढे घडायचंय असं मानणाऱ्या (भविष्यवादी) वाचनातही ती जाणूनबुजून केलेली निष्ठेची निवड आहे. ६६६ या श्वापदाच्या आकड्याचं म्हणाल तर, हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; रोमी सम्राट ‘नीरो कैसर’ याचं नाव त्या अक्षरांत (‘नेरोन कैसर’ असं) लिहून बेरीज केली तर ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० मिळून ६६६ येते. ‘नेरोन’मधला शेवटचा ‘न’ (५०) गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तोच आकडा आहे. मला हा उलगडा पटतो. पण इरेनियसनेही वेगवेगळी नावं तपासून पाहिली होती आणि शेवटी सांगितलं होतं की एखादं नाव ठामपणे जाहीर करण्यापेक्षा भाकीत पूर्ण होण्याची वाट पाहणं सुरक्षित. योहानानंतर शंभर वर्षांच्या आत लिहिणाऱ्या माणसाने ती सावधगिरी ठेवली, तर आपणही ठेवू शकतो.

तारखेबाबत मात्र मी मवाळ राहणार नाही. तो दिवस आणि घटका पित्यालाच ठाऊक, हे येशूचं वाक्य आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात तो शिष्यांना पुन्हा तेच सांगतो. तरी तारखा निघत राहिल्या. गणिती मायकेल स्टीफेल याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी ८ ही वेळ सांगितली. विल्यम मिलरच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ धरला. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं, सुरुवात ख्रिस्तपूर्व ४५७ मध्ये. काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी पीक काढलंच नाही. इस्राएल देश १९४८ ला झाला, पिढी ४० वर्षांची, म्हणून १९८८, असं एक गणित होतं. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितला, नंतर २१ ऑक्टोबर. त्यांच्या काही अनुयायांनी आयुष्यभराची बचत जाहिरातींवर घातली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः तारीख सांगणं चूक होतं असं कबूल केलं.

या हिशेबांत बेरीज बहुधा बरोबर असते. चूक सांध्यांत असते. दिवस म्हणजे वर्ष, हे त्या वचनात आहे का? सुरुवात त्याच वर्षी, हे कुणी ठरवलं? पिढी ४० चीच का? एका तारखेपर्यंत पोहोचायला असे चार-पाच अंदाज लागतात, आणि व्हिडिओत ते इतक्या भरभर सांगतात की शेवटी सगळंच वचन वाटतं. दिरांनी पाठवलेला व्हिडिओ एकदा थांबवत थांबवत पाहा आणि कागदावर उतरवा: कोणतं वाक्य वचन, कोणतं अनुमान.

ठेव मोडू नका. येशूच्या दाखल्यातला उमराव चाकरांना सांगतो, मी येईपर्यंत व्यापार करा. थेस्सलनीकात प्रभू येणार म्हणून काम सोडून बसलेल्यांना पौल शांतपणे काम करून स्वतःची भाकर खा असं लिहितो. यरुशलेमेला वेढा पडलेला असताना यिर्मया शेत विकत घेतो. देणगी द्यायची असेल तर एक कसोटी लावा: प्रभू आणखी पन्नास वर्षांनी येणार असता तरी आम्ही हीच रक्कम दिली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ती देणगी; ‘नाही’ असेल तर तो तारखेवर लावलेला डाव. नवरा-बायकोने मिळून, मासिक उत्पन्नातून, एक रक्कम ठरवा आणि लिहून ठेवा. जमीन विकून पैसे आणणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणाला होता, जमीन तुझीच होती आणि पैसाही तुझ्याच हाती होता. देणं ऐच्छिक असतं. घाबरवून घेतलेलं देणं तसं राहत नाही.

दिरांशी गटासमोर बोलू नका. नवऱ्याला बरोबर घेऊन घरी बसा. जिथे एकमत आहे तिथून सुरुवात करा: “भाऊजी, प्रभू येणार, मेलेले उठणार, यावर आपलं एकच म्हणणं आहे. तुमच्यामुळेच या घरात त्याची वाट पाहिली जाते.” हे खरं आहे, म्हणून मनापासून म्हणा. मग तीनच प्रश्न. हा महिना कोणत्या वचनात आहे? वचनापासून महिन्यापर्यंत किती अनुमानं आहेत? तो महिना सरला तर आपण गटाला काय सांगायचं? उत्तराची घाई करू नका. मुलीच्या झोपेबद्दल त्यांना स्पष्ट सांगा. काकांना बहुधा ते ठाऊकच नसेल. कार्डाबद्दल वाद घालू नका, चौदावा अध्याय बरोबर वाचा. आणि पाळकांकडेही एक विनंती घेऊन जा: उपदेशात जुन्या मताची थट्टा होऊ नये, आणि ‘जिवंत झाले’ आणि रोमकरांस पत्राचा इस्राएलविषयीचा अकरावा अध्याय यांवर त्यांनी सविस्तर बोलावं.

गट बंद करू नका. त्याची पद्धत बदला. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बंद, फक्त वचनाचा संदर्भ आणि प्रश्न. बैठकीत साधं बायबल, तळटीपांशिवाय. टीप वाईट असते असं नाही, पण एकाच पानावर असली की वाचणाऱ्याला ती वचनाइतकीच अधिकाराची वाटू लागते. स्कोफील्डच्या बाबतीत पिढ्यानपिढ्या तेच झालं. एका वेळी एकाने चार मिनिटांहून जास्त बोलायचं नाही. प्रत्येकाच्या वहीत चार रकाने: वचन काय म्हणतं, बायबल स्वतः त्याचा अर्थ कुठे देतं, माझं अनुमान काय, आणि त्याची मला किती खात्री. तिसरा रकाना लिहिताना माणसं आपोआप हळू बोलायला लागतात.

सात आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात सगळं प्रकटीकरण सलग मोठ्याने, साधारण सव्वा ते दीड तास, चर्चा अजिबात नाही. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात वाचणारा आणि ऐकणारे धन्य असंच म्हटलंय. दुसऱ्यात सात मंडळ्यांची पत्रं, कारण पुढचं सगळं त्याच लोकांना लिहिलंय. तिसऱ्यात दानीएल ७ आणि जखऱ्या ४, शेजारी प्रकटीकरण ११ आणि १३. चौथ्यात मत्तय २४ आणि लूक २१ समोरासमोर. पाचव्यात थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रांतले उतारे. सहाव्यात विसावा अध्याय, आणि इथे एक अट: पृथ्वीवरचं राज्य मानणाऱ्याने ॲमिलेनियल मत मांडायचं, तसं न मानणाऱ्याने प्रीमिलेनियल. समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. सातव्यात शेवटचे दोन अध्याय, ज्यांवर बरंचसं एकमत आहे. सगळीकडे घडणारी चूक म्हणजे तेराव्या अध्यायापासून आणि हातात बातमी घेऊन सुरुवात करणं. ती टाळली की बराच प्रवास सोपा होतो.

गट सोडायची वेळ कधी? कुणी तारीख मान्य करण्याची सक्ती केली, पैसे मागितले, किंवा आपला क्रम न मानणाऱ्यांचं तारण झालेलं नाही असं म्हटलं आणि समजावूनही थांबलं नाही, तर. मतं वेगळी आहेत, एवढं कारण पुरेसं नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय प्रत्येकाने आपापल्या मनात खात्री बाळगावी असं म्हणतो, आणि एकमेकांना तुच्छ लेखायला मनाई करतो. तो नियम दिरांना लागू आहे आणि पाळकांनाही.

पहिल्या आठवड्याच्या वाचनाला दोघांना बोलवा. बावीस अध्याय आहेत. पहिले अकरा भाऊजींनी वाचावेत, पुढचे अकरा पाळकांनी. पाण्याचे दोन पेले जवळ ठेवा आणि मध्ये पाच मिनिटं थांबा, इतकं सलग वाचायला घसा लागतो.